तांबड्या पाण्याची बांधी

हिराजी म्हात्रे सावली गावात रुजू झाला तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या राज्याने नोकरदारांना इकडचे तिकडे केले, त्यात कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठचा हा शेतकी खात्याचा तरुण पार चांदा जिल्ह्यात येऊन पडला. निघताना वरिष्ठांनी समजूत घातली होती, की तिकडेही भातच पिकतं, तुला परकं वाटायचं नाही. भात होतं हे खरं. पण इथे त्याला धान म्हणत, खाचराला बांधी म्हणत, आणि वाऱ्याला मिठाचा वास नव्हता. खानावळीत मासे मिळायचे ते तलावातले. हिराजी ते मुकाट्याने खाई आणि गोडे लागतात म्हणून कुणाकडे तक्रार करत नसे.

श्रावणात एकदा तो सायकल घेऊन खैरटोल्याकडे निघाला. रस्ता जंगलाच्या कडेने जात होता. डाव्या हाताला लाल मुरमाचा उतार आणि त्यावर सागाचं नि मोहाचं रान, उजव्या हाताला एकीखाली एक उतरत गेलेल्या बांध्या. रोवणी, म्हणजे लावणी, संपत आली होती आणि जिकडे तिकडे रोपांनी जीव धरला होता. उताराच्या अगदी पायथ्याशी असलेली एक बांधी मात्र वेगळी दिसली. रोपं होती, पण पाणी तांबूस होतं आणि त्यावर तेल सांडल्यासारखा तवंग चमकत होता.

हिराजी सायकलवरून उतरला. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून त्याने काडीने तवंग ढवळला. तेल असतं तर ते पुन्हा एकत्र आलं असतं. हा तवंग पातळ काचेसारखा तडकला आणि त्याचे तुकडे वेगवेगळे तरंगत राहिले. मग त्याने चपला काढल्या, विजार वर दुमडली आणि बांधीत पाय घातला. पाय पोटरीपर्यंत गेला. खाली हात घालून त्याने मूठभर चिखल वर काढला. चिखल निळसर राखी होता, लोण्यासारखा गुळगुळीत, आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास होता. जुनी मुळं जिथून गेली होती तिथे गंजाचे बारीक धागे राहिले होते.

हा चिखल त्याने लहानपणी पाहिला होता. तो हातातला गोळा टाकायचं विसरून तसाच उभा राहिला.

"काही हरपलं का जी?" मागून बाईचा आवाज आला.

पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पेंढी डोक्यावर घेऊन एक तिशीची बाई धुऱ्यावर उभी होती. लुगड्याचा काचा मारलेला, कोपरापर्यंत चिखल. हिराजीने आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, "ही बांधी कुणाची?"

उत्तर तिच्याऐवजी पलीकडच्या मोहाखालून आलं. तिथे एक पुरुष पाय लांब करून बसला होता. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा सुजलेला होता.

"आमचीच हाय. दुसऱ्या कोनी घेतली नाई म्हून आमची."

तो डोमा. बाई म्हणजे त्याची बायको, मनकर्णा. डोमाचा बाप मालगुजाराकडे, म्हणजे इथल्या जमीनदाराकडे, राबला होता आणि डोमाही राबला. मालगुजारी गेली तेव्हा जी जमीन तो कसत होता ती त्याच्या नावावर झाली. दोन बांध्या. एक बरी, आणि ही दुसरी, आकाराने मोठी पण अशी. पुढे पायाला हत्तीरोग झाला आणि चिखलात उभं राहणं डोमाला जमेना. तेव्हापासून नांगरापासून कापणीपर्यंत सगळं मनकर्णाच्या अंगावर होतं. डोमा मोहाखाली बसून धार लावायचा, दोर वळायचा आणि बोलायचा.

"दरसाल रोवते," मनकर्णा म्हणाली. "भादवा सरेपावतर बरं राह्यते. मंग पानं तांबडी पडतात. लोक म्हनतात, बांधीले नजर हाय."

"नजर लागायले तिच्यात पाह्यसारखं काय हाय?" डोमा म्हणाला.

हिराजीने खिशातून निळ्या कागदाची पट्टी काढली आणि ओल्या चिखलात दाबली. थोड्या वेळाने पट्टी लालसर झाली.

"माती आंबट आहे," तो म्हणाला.

"चाखल्याबिगर कसं समजलं?" मनकर्णाने विचारलं. ती थट्टा करत नव्हती, म्हणून हिराजीने तिला कागदाचा गुण नीट समजावून सांगितला. तिने दुसरी पट्टी मागून घेतली, बऱ्या बांधीत जाऊन लावून पाहिली आणि परत येऊन दाखवली. ती जवळजवळ निळीच राहिली होती.

मग धुऱ्यावर बसून हिराजीने आपल्या घरची गोष्ट सांगितली. सावलीत आल्यापासून ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्याच्या बापाने खाडीलगतची तिवरांची दलदल तोडली होती. समुद्राला बांध घातला, आतलं पाणी हळूहळू बाहेर काढलं, आणि असाच निळा चिखल उन्हात वाळवला. जमीन फाटली. भेगांमध्ये हळदीसारखे पिवळे डाग दिसू लागले. पाऊस आला तेव्हा शेतात साचलेलं पाणी चिंचेच्या कोळासारखं आंबट निघालं. त्यात बेडूकसुद्धा राहीना. पुढे कित्येक वर्षं त्या जमिनीत गवत उगवलं नाही आणि बाप मिठागरावर मजुरीला गेला.

"चूक एकच झाली," हिराजी म्हणाला. "पाणी काढलं. असल्या मातीत विष असतं, ते पाण्याखाली गप्प बसतं. वारा लागला की उठतं. तुमची बांधी कधी कोरडी पडू देऊ नका."

"धानाले पानी तं पायजेच," मनकर्णा म्हणाली.

त्या टापूत हे कुणीही म्हटलं असतं. पाण्यासाठी तिथे भाऊ भावाशी भांडे. धुऱ्याला खेकड्याने भोक पाडलं तरी बाया मिळेल त्या चिखलाने ते बुजवत. त्यामुळे हिराजीचा सल्ला कुणालाच वावगा वाटला नाही. मनकर्णाने धुरा वीतभर उंच केला. हिराजीने खटपट करून चुन्याची काही पोती आणवली आणि अर्ध्या बांधीत चुना स्वतः फेकला. पांढरे हातपाय घेऊन तो सायकलवरून परत गेला तेव्हा रस्त्यावरची पोरं हसत होती, आणि त्याला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

भाद्रपद लागला. पहिल्यांदा खालच्या पानांच्या टोकांवर बारीक तपकिरी ठिपके आले. कुणी चिमूटभर तंबाखू भुरभुरावी तसे. मग ठिपके एकमेकांत मिसळले आणि पानं टोकाकडून खाली तांबडी होत गेली. चुना टाकलेला भाग थोडा मागे होता, पण वाट त्याचीही तीच होती. हिराजीने एक रोप उपटलं. मुळांवर गंजाचा जाड लेप होता आणि आतून ती काळी पडली होती. शेजारच्या, त्याने हात न लावलेल्या बांधीतलं धान गर्द हिरवं उभं होतं.

"दरसाली एवढं लवकर नाई होत," मनकर्णा म्हणाली. एवढंच म्हणाली आणि तणाची मूठ धुऱ्यावर फेकून पुन्हा वाकली.

हिराजी डोमाजवळ जाऊन बसला. डोमा दोर वळत होता. तो म्हणाला, "साहेब, तुमी मनावर नका घेऊ. या बांधीची सवयच हाय मरायची."

हिराजीने मनावर घेतलं. खोलीवर जाऊन त्याने पुस्तकं उघडली. त्यांत आंबट मातीबद्दल चुना एवढंच लिहिलं होतं. चुना त्याने टाकला होता. आता आणखी पाणी धरावं, असं त्याच्या मनात येत होतं. बापाची ती फाटलेली जमीन त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

पुढच्या खेपेला तो गेला तर बांधीत पाणीच नव्हतं.

खालच्या अंगाला मुखरूच्या बांध्या होत्या. मुखरू साठीचा, मानाचा शेतकरी, चार म्हशी बाळगून. त्यातली एक म्हैस चरताना चुकली, मनकर्णाच्या चिखलात लोळली आणि बाहेर पडताना धुरा फोडून गेली. खालच्या कोपऱ्यातून सगळं पाणी मुखरूच्या धानातून नाल्याला गेलं. मनकर्णा त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली होती आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलून आली होती. मुखरू उलट बोलला नव्हता. म्हैस आपली आहे, धुरा आपण बांधून देऊ, असं त्याने कबूल केलं होतं. पण त्याच दिवशी त्याला हिवताप चढला आणि तो घोंगडी घेऊन पडला. मनकर्णानेही हट्टाने फावडं उचललं नाही. ज्याच्या म्हशीने फोडलं त्याने बांधावं, असं तिचं म्हणणं. नेमकी पावसानेही उघडीप दिली होती.

हिराजी बांधीत उतरला. चिखल घट्ट झाला होता आणि त्यावर केसासारख्या भेगा पडायला लागल्या होत्या. तो गुडघ्यावर बसला. भेगांत बोटं घालून त्याने ढेकळं उचकटली आणि पिवळे डाग शोधू लागला. एका ठिकाणी नाही, दुसऱ्या ठिकाणी नाही. बांधीभर तो असा रांगत फिरला. पिवळं कुठे दिसलं नाही. होता तो गंजच, आणि अंड्याचा तो घाण वास मात्र पुष्कळ कमी झाला होता.

"आता पानी नाई तं मरनच," मनकर्णा धुऱ्यावरून म्हणाली. "मी भावाकडे वडशाले निरोप धाडला हाय. तिथी धानाच्या गिरनीत बायांले काम भेटते. याइले बी घेऊन जाईन." तिने मोहाखालच्या डोमाकडे पाहिलं.

"थोडे दिवस थांबा," हिराजी म्हणाला.

आठवडाभराने तो पुन्हा आला. या वेळी त्याने आधी लांबूनच पाहिलं. तांबड्या पानांच्या मधोमध, प्रत्येक चुडाच्या, रोपांच्या जुडग्याच्या, पोटातून, नवं पान आलं होतं आणि ते हिरवं होतं. जवळ जाऊन त्याने एक रोप उपटलं. गंजलेल्या जुन्या मुळांवरून पांढरी, दोऱ्यासारखी नवी मुळं फुटली होती. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. सगळीकडे तेच. चुन्याच्या भागात जरा जास्त, बाकी ठिकाणी जरा कमी.

तो तिथेच बसला. घरची जमीन आणि ही जमीन त्याने पहिल्या दिवशीच एक धरली होती, कारण चिखलाचा रंग एक होता, वास एक होता, आणि कागद दोन्हीकडे लालच झाला असता. पण खाडीच्या चिखलात विष मुळातच दडलेलं होतं. समुद्राने ते शेकडो वर्षं तिथे साठवलं होतं आणि वारा लागताच ते जागं झालं. इथे समुद्र कधी नव्हता. इथे लाल मुरमाच्या उतारातून पाणी झिरपत येत होतं, येताना लोखंड घेऊन येत होतं, आणि पायथ्याच्या या खोलगट बांधीत अडकून पडत होतं. पाणी जितकं उभं राहील तितकं ते लोखंड मुळांना गिळत होतं. मुळांना हवा हवी होती. म्हशीने ती दिली. आणि आपण पाणी धरायला सांगितलं होतं.

मनकर्णा विळा घेऊन येत होती. हिराजी उठून तिच्यासमोर गेला.

"बाई, मी तुम्हांला चुकीचं सांगितलं. पाणी धरायला नको होतं. या वर्षी जे गेलं ते माझ्या सांगण्याने गेलं."

तिने त्याच्या हातातल्या मुळांकडे पाहिलं. मग स्वतः एक चूड उपटून पाहिला आणि धुऱ्यावर आपटून माती झाडली.

"तुमच्या घरी तं तसंच झालतं ना?" तिने विचारलं.

"तिथे तसंच झालं होतं. इथलं दुखणं वेगळं आहे. रंग बघून मी फसलो."

"मंग आता काय करावं?"

तो उत्तर देणार इतक्यात खालून मुखरू आला. ताप उतरला होता पण पाय लटपटत होते. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, खांद्यावर फावडं. शब्द पाळायला आला होता. त्याने फोडलेल्या जागी फावडं टेकवलं आणि पहिलं ढेकूळ उचललं.

"मुखरूभाऊ, राहू द्या," हिराजी म्हणाला. "बुजवू नका."

मुखरूने वर पाहिलं. "काऊन जी?"

"तसंच उघडं राहू द्या. धानाला मानवलंय."

मुखरू सरळ झाला. मनकर्णाकडे पाहून म्हणाला, "माय, तू माह्या अंगनात येऊन सात पिढ्या काढल्या. माह्या म्हशीले काय काय बोलली. मी तापात उठून आलो. आन आता हा साहेब म्हनते, बुजवू नोको?"

मनकर्णाला हसू आवरेना, पण ते तिने पदराआड केलं. मोहाखालून डोमा म्हणाला, "मुखरूभाऊ, तुमच्या म्हशीले सरकारी नोकरी भेटून राह्यली."

मुखरू हसला नाही. फावडं खांद्यावर टाकून तो निघून गेला, आणि पुढे बरेच दिवस मनकर्णाशी बोलला नाही.

त्या वर्षी त्या बांधीत थोडंच पिकलं. जी पानं जळाली ती जळालीच, लोंब्या आखूड आल्या. तरी मनकर्णा वडशाला गेली नाही. भावाला तिने दुसरा निरोप पाठवला, की अजून एक हंगाम पाहते.

उन्हाळ्यात हिराजीने सगळा उतार चालून पाहिला. चैत्रातही पायथ्याला एक ओली रेघ होती आणि तिथे तांबडा गाळ साचत होता. पाणी आत शिरतं ते इथून. बांधीच्या वरच्या अंगाला, उताराला लागून एक चर खणायचा, पाणी बांधीत येण्याआधीच धरायचं आणि बाजूने फिरवून नाल्याला सोडायचं. शिवाय रोपं लागल्यावर मधेच एकदा बांधीतलं पाणी काढून जमीन जरा सुकवायची. एवढंच करायचं होतं. अडचण एकच होती. नाल्याकडे जायला वाट मुखरूच्या धुऱ्यावरून होती.

हिराजी आणि मनकर्णा त्याच्या ओसरीवर गेले. मुखरूने दोघांना बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं.

"चर गेला तं माही दोन हात जागा जाते, लांबच्या लांब," तो म्हणाला. "वरतून हे तांबडं पानी माह्या कडेनं वाहीन. फुटलं तं माह्या बांधीत. आज इची बांधी सडकी हाय, उद्या माही. सांगा साहेब, काऊन करू मी हे?"

मुखरूचं म्हणणं खोटं नव्हतं. चर फुटण्याची भीती खरी होती, आणि जागा तर जाणारच होती. "फुटणार नाही असा बांधू," एवढंच तो म्हणाला.

"मागच्या साली तुमीच म्हनलं होतं, पानी धरा," मुखरू शांतपणे म्हणाला.

तेव्हा मनकर्णा बोलली.

"भाऊ, जागेच्या बदल्यात जागा घ्या. आमच्या बऱ्या बांधीचा तुमच्याकडचा धुरा तुमाले देतो. मोहासगट."

तो मोह जुना होता, दरवर्षी न चुकता फुलणारा. चैत्रात पहाटे त्याखाली फुलांचा सडा पडे. घरात धान नसे तेव्हा मनकर्णा वाळवलेला मोह शिजवून दिवस काढी. उरलेला बाजारात देऊन मीठ-मिरची आणी. खैरटोल्यात कुणीही मोह असा सहज देऊन टाकत नसे.

मुखरूने तंबाखू चोळला. "डोमाले विचारलं का?"

"त्याइले मी सांगते."

"आधी विचार. मंग ये."

परत जाताना हिराजी तिला म्हणाला, "बाई, नीट विचार करा. चर खणून सगळं बरं होईलच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मागे मी चुकलोय."

"तुमी चुकले ते मी पाह्यलं," ती म्हणाली. "मुळ्या फुटल्या ते बी पाह्यलं."

डोमाला तिने मोहाखालीच सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. जमीन कसणं सुटल्यापासून त्याचे दिवस त्याच सावलीत जात होते. तो म्हणाला, "झाड देशीन तं मी बसू कुठी?" आणि मग, "शेजारच्या सोमारीच्या कोठ्यामागं एक कडुनिंब हाय. पन तिथून बांधी दिसत नाई." तो दिवसभर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच कुदळीला नवा दांडा बसवायला घेतला.

चर वैशाखात खणला. मुरूम उन्हाने दगड झालेला होता. वरच्या रानातल्या टोल्यावरून लालसू आणि त्याची बायको नीलाबाई हे गोंड जोडपं मदतीला आलं. मनकर्णाने त्यांच्या कोसरीच्या, म्हणजे भरड धान्याच्या, पेरणीला जायचं, अशी कामाची अदलाबदल ठरली. लालसू कमी बोले आणि कुदळ एका लयीत मारी. हिराजी सुटीच्या दिवशी येऊन खणायचा. त्याच्या हातांना फोड आले, ते फुटले, मग कातडी जाड झाली. वीतभर खाली गेलं की मुरूम ओला लागे, आणि कोपरभर खाली गेलं की तांबडं पाणी हळूच पाझरून तळाशी गोळा होई. भर उन्हाळ्यात ते पाहून मुखरूही काठाशी येऊन उभा राहिला. त्याने पाण्यात बोट बुडवलं, हुंगलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन आला आणि आपल्या बाजूचा काठ त्याने स्वतः, आपल्याला हवा तितका उंच बांधून घेतला. त्यात कुणाला हात लावू दिला नाही.

पाऊस चांगला झाला. चर पहिल्या जोराच्या सरीत एका वळणावर ढासळला, पण तो मनकर्णाच्या बाजूला ढासळला आणि तिने तो लगेच दगड लावून सावरला. रोवणीनंतर महिनाभराने तिने खालचं तोंड उघडून पाणी सोडून दिलं. जाणारे-येणारे थांबून विचारू लागले, की बाई येडी झाली का, भर पावसात पानी सोडून राह्यली. ती म्हणायची, "साहेबानं सांगतलं." मग म्हणायची, "मी बी पाह्यलं हाय."

भाद्रपदात पानांवर ठिपके आले, पण ते खालच्या दोन-तीन पानांवरच थांबले. हिराजी दर आठवड्याला येऊन बोटांनी पानं चाळायचा. आश्विनात लोंब्या बाहेर पडल्या आणि कार्तिकात वाकल्या. शेजारच्या बांधीच्या बरोबरीचं पीक नव्हतं ते. उंची कमी होती, दाणा जरा बारीक होता. पण कापायला बसलं तर हाताची मूठ भरत होती.

उताराच्या बाजूचा एक कोपरा मात्र सुधारला नाही. तिथे बहुधा खालूनच झरा होता. चराच्या तळापेक्षाही खोल. तिथलं धान वीतभर वाढून तांबडं पडलं होतं आणि पाण्यावर तोच तवंग होता. हिराजीला तो कोपरा सलत होता. कापणीच्या दिवशी तो त्याच्याभोवती दोनदा फिरला.

"इथे आणखी एक चर काढता येईल," तो म्हणाला. "खोल. आतून, तिरका. पुढच्या उन्हाळ्यात..."

मनकर्णा पेंढी बांधत होती. तिने गुडघ्याखाली पेंढी दाबून तिचा बंद आवळला आणि मग मान वर केली.

"राहू द्या भाऊ तेवढं."

तिने त्याला साहेब म्हटलं नव्हतं, हे हिराजीच्या लक्षात आलं.

"पण ती जागा वाया जातेय."

"जाऊ द्या. पानी कुठी तरी बसनच ना. तिथी बसू द्या त्याले. मी त्याच्यात रोवनार नाई, मंग मरनार बी नाई कोनी."

हिराजीने कोपऱ्याकडे पाहिलं. तांबड्या पाण्यात दोन बगळे उभे होते. चपला धुऱ्यावर काढून ठेवून तो खाली उतरला आणि तिने बांधलेल्या पेंढ्या उचलून खळ्याकडे नेऊ लागला. खळ्यात डोमा आधीच येऊन बसला होता, एका पाटावर, सुजलेला पाय दुसऱ्या पाटावर ठेवून. पेंढ्या कशा रचायच्या, टोक कुठल्या बाजूला ठेवायचं, हे तो हिराजीला सांगू लागला. हिराजीने पहिली पेंढी उलटी ठेवली. डोमाने ती काठीने ढकलून पाडली आणि पुन्हा ठेवायला लावली.